दुसरं वाढप

पोरिरुआ,
४ फेब्रुवारी

चि. रापाता यास,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. इकडे गुडघे सोडून सर्व क्षेम. तिकडचं कळवत जावं.

तुझं नाताळचं पत्र पोचलं. खोऱ्यातला फोनचा टॉवर वादळात पडला तो अजून उभा राहत नाही, याचा मला मनातून थोडा आनंदच आहे. फोनवर तू ‘देवाची कृपा’ म्हणतोस आणि गप्प बसतोस. पत्रात निदान पानभर तरी लिहितोस.

आता मुद्द्याचं. समिती येते आहे. भूक, गरिबी आणि वर्णभेद यांची चौकशी करणारी तीच, जिच्या अनुभवींच्या मंडळावर मी दोन वर्षं बसते आहे. आमची पात्रता एवढीच की आम्ही उपाशी राहिलो आहोत. मऊ गालिच्याच्या खोलीत बोलावतात, आणि मंडळाची व्यवस्था बघणाऱ्या फिलिपाबाई आधी कानात सांगतात की एरानाताई, तीन मिनिटं हं, आणि मुलांचा उल्लेख आला तर बरं. मी बोलते. मग सगळे म्हणतात की तुम्ही फार धीराच्या. मग त्रिकोणी सँडविच येतात, आणि उपासमारीवर बोलून झालं की निम्मे कचऱ्यात जातात. गेल्या वेळी मी चार पर्समध्ये भरले. फिलिपाबाईंनी बघून मान वळवली. मग मी आणखी चार भरले.

घराचं सांगायचं राहिलं. टेकडीवरचं ते दोन खोल्यांचं घर मिळता मिळता राहिलं. एजंटबाई फोनवर मधासारखी गोड बोलत होती. आडनाव सांगितलं, तर म्हणाली की अगं बाई, आत्ताच गेलं बघा. माझ्याबरोबर हॉस्पिटलात झाडू मारणारी डच आडनावाची मैत्रीण आहे, तिच्याकडून लगेच फोन करवला, तर तिला चावीसुद्धा दाखवली. हे मी मंडळात सांगितलं, तेव्हा एका सभासदाने विचारलं की हा योगायोग नसेल कशावरून. माझ्या आयुष्यात इतके योगायोग झालेत की मी लॉटरीचं तिकीट काढायला हवं.

असो. मी भांडून भांडून त्यांना खोऱ्यात यायला लावलं आहे. आपल्या मराएच्या सभाघरातल्या स्वयंपाकघरातून शाळेच्या पोरांना रोज दुपारचं जेवण जातं, त्याचं सरकारी अनुदान जूनमध्ये संपतं. ते पुढे चालू ठेवायचं की नाही, हे या समितीच्या शिफारशीवर ठरणार. म्हणून हात जोडून सांगते, पाहुणचार करू नकोस. पोरांच्या पानात असतं तेच त्यांच्याही पानात. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आपल्या हुइया मावशीला नीट समजावून सांग.

आईच्या थडग्याचा दगड आला का? डुक्कर भरतंय का? ईस्टरची रजा मी आत्तापासूनच मागून ठेवली आहे.

आठवण ठेवावी, आणि सांगितलेलं ऐकावं, ही विनंती नव्हे, आज्ञा.

तुझी ताई,
एराना

*

वाईहुका खोरं,
१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्या रापाताचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने बरं वाटलं. गुडघ्यांसाठी रविवारी प्रार्थना केली. गुण आला नाही तर पाला कुटून पाठवतो.

आईचा दगड गिसबर्नहून आला. दिसायला साधा आहे, पण अक्षरं सुरेख कोरली आहेत. ईस्टरच्या शनिवारी थडग्यावर बसवून त्यावरचं वस्त्र काढायचा विधी होईपर्यंत तो चर्चमध्ये ठेवला आहे, आजीच्या घोंगडीत गुंडाळून. मावशी रोज सकाळी जाऊन त्याच्याशी बोलते. काल मी वेदी पुसत होतो, तर ती आईला सांगत होती की तुझा रापाता अजून बटण लावायला शिकला नाही. मी खाली पाहिलं. बरोबर होतं.

डुकराचं म्हणशील तर मी त्याचं नाव बिशप ठेवलं आहे. पोट पुढे काढून, कुणाकडेही न बघता, सगळ्यांना आशीर्वाद दिल्यासारखा चालतो. पोरं त्याच्यासाठी पडके भोपळे वेचून आणतात. आईच्या दिवशी सगळं खोरं जेवेल आणि वर घरी न्यायलाही उरेल, इतका तो झाला आहे. दोन वर्षं तिच्या मातीवर नुसती नावाची लाकडी फळी होती. आता तिचं नीट होईल.

स्वयंपाकघराचं खरं सांगायचं तर गरज जास्त आणि पुरवठा कमी. वादळाचा गाळ अजून मळ्यांवर आहे. रताळी उतरली नाहीत. नदीत वाम मिळेनाशी झाली आहे. शाळेची बस चालवताना आरशात पोरं दिसतात, त्यावरून मला वार कळतो. शुक्रवारी ती जास्त जेवतात, कारण पुढे दोन दिवस शाळा नसते. सोमवारी सकाळी बसमध्ये कुणी बोलत नाही.

परवा सामानाला शहरात गेलो होतो. दुकानाचा रखवालदार दारापासून माझ्या मागे. मी डाळीकडे वळलो की तो डाळीकडे, मी साबणाकडे तर तो साबणाकडे. शेवटी मला त्याची दया आली. म्हटलं, दादा, येतोच आहेस तर जरा गाडी ढकल, माझी पाठ धरली आहे. त्याने खरंच ढकलली. नंतर पिशवी तपासली ती तपासलीच. बायबल उघडून झटकून बघितलं.

पाहुणचाराचं मावशीच्या कानावर घातलं. ती खूप हसली. तिला वाटलं मी विनोद केला. पुन्हा सांगून बघतो.

लोभ आहेच, तो रागावतानाही असू द्यावा.

तुझा,
रापाता

*

वाईहुका खोरं,
२८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाहुणे बुधवारी येऊन गेले. देवाच्या दयेने सगळं नीट पार पडलं. आपल्या घराची लाज राहिली.

मावशीने फाटकात उभं राहून स्वागताची हाक घातली. या वयात तो आवाज कुठून येतो, देव जाणे. अध्यक्षीणबाई, मिसेस ड्रायस्डेल, म्हाताऱ्या आणि शांत आहेत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाषणं झाली, गाणी झाली, नाकाला नाक लावून झालं, आणि मग जेवायला बसलो.

मी तुझं म्हणणं मावशीला तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा ती हसली नाही. तिने विचारलं की हे लोक इतक्या लांबून वाकड्यातिकड्या रस्त्याने येणार, आणि मी त्यांच्यापुढे भोपळ्याचं पाणी ठेवू? मग बाकीच्या बायका आल्या. ताई, तू असतीस तरी काही झालं नसतं. एक जण शेवंडी घेऊन आली, एक जण आंबवलेले पाव, कुणी वाफवलेलं पुडिंग. जमिनीतली हांगीची भट्टी पहाटेच पेटली होती. मांस इतकं मऊ शिजलं होतं की चमचा लावताच सुटत होतं. मिसेस ड्रायस्डेल मला म्हणाल्या की असं डुकराचं मांस त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं. मावशी त्यांच्या मागेच उभी राहून वाढत होती. त्यांनी पुरे म्हटलं की आमच्या बाया गाल फुगवून बघायच्या. मग कुणीतरी बाईंना सांगितलं की दुसरं वाढप घेतलं नाही तर वाढणारीचा अपमान होतो. मग त्यांनी तिसरंही घेतलं.

पोरांचं जेवण बघायचं राहून गेलं. जेवणं लांबली, आणि त्यांना उजेडात घाट उतरायचा होता. त्यांच्यातल्या एका अधिकाऱ्याने टेबलाचे फोटो मात्र खूप काढले.

मला वाटतं, आपली माणसं त्यांना आवडली. माणसं आवडली की पुढचं सोपं होतं.

कळावे, कृपादृष्टी असावी. या पत्रानंतर तिची गरज लागेल.

रापाता

*

पोरिरुआ,
९ मार्च

रापाता,
आशीर्वाद मागाहून. आधी हे वाच.

समितीच्या अहवालाचा कच्चा मसुदा आम्हाला दाखवला. तुझ्या त्या टेबलाचा फोटो पहिल्याच पानावर आहे, रंगीत. खाली लिहिलं आहे की वाईहुका खोऱ्यात स्थानिक अन्नाची विपुलता आहे, समाज स्वयंपूर्ण आहे, परंपरा भक्कम आहेत, आणि शाळेच्या जेवणाचं अनुदान अधिक गरजू भागाकडे वळवणं उचित. विपुलता! पोरं सोमवारी बसमध्ये बोलत नाहीत, आणि हे म्हणे विपुलता!

दोन वर्षं मी त्या गालिच्यावर उभी राहून स्वतःची चामडी सोलून दाखवते आहे. नवरा गेल्यावर मी पोरांना पीठ पाण्यात कालवून दिलं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. ते मी परक्यांना सांगितलं, तीन मिनिटांत, घड्याळाकडे बघत. आणि तुम्ही एका दुपारी शेवंडी वाढून सगळं धुऊन टाकलंत. फिलिपाबाई मला म्हणाल्या की तुमचे गावकरी किती आनंदी आहेत, तुम्ही कधी बोलला नाहीत. मी काय बोलणार? की माझा भाऊ गाढव आहे?

आणि एक विचारायचं आहे. फोटोत मधोमध मोठ्या परातीत मांस आहे. इतकं मांस विकत घ्यायची ऐपत खोऱ्यात कुणाची नाही. रानडुक्कर असतं तर तू शिकाऱ्याचं नाव लिहिलं असतंस, तुला अशा गोष्टी लिहायची हौस आहे. तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. मांस मऊ होतं एवढंच लिहिलंस. कुणाचं, ते नाही लिहिलंस.

रापाता, बिशप कुठे आहे?

एराना

*

वाईहुका खोरं,
१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला कळलंच आहे. बिशप गेला.

पाहुणे यायच्या आदल्या सकाळी मावशी त्याच्या कुंपणाशी आली, आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो. ती म्हणाली की तुझ्या आईलाच विचारून आले, ती नाही म्हणाली नाही. दगड नाही कसा म्हणणार, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण मावशीच्या हातात सुरी होती. ईस्टरचा विधी आता पुढच्या ईस्टरला करू. खोऱ्याला बोलावून रिकाम्या हातांनी आईवरचं वस्त्र काढता येणार नाही. तुला रजा रद्द करावी लागेल, म्हणून लिहायला हात धजत नव्हता.

टेबलावरचं बाकीचंही ऐक. शेवंडी जिने आणल्या, तिचा नवरा त्या विकून बोटीचं इंजीन दुरुस्त करणार होता. पुडिंगाची साखर चार घरांतून आली. लोणी पोरांचं होतं. त्या आठवड्यात पोरांनी कोरडा पाव खाल्ला, आणि कुणी तक्रार केली नाही, कारण पाहुणे येणार हे त्यांनाही ठाऊक होतं. विपुलता म्हणतात ती हीच.

पण ताई, तू मला गाढव म्हणालीस ते मी मान्य करून एक विचारतो. आपण उपाशी आहोत हे पटवायला आपलं दार, आपली चूल, आपल्या मावशीचा आवाज, सगळं मोडून दाखवायचं का? आपल्याकडे काही नाही हे त्यांना बघायचं असेल, तर त्यांनी कपाट उघडावं. पाहुण्याच्या पानात ते कसं वाढणार? मीही वैतागलो आहे. तू तिथे वैतागतेस, मी इथे. भुकेल्या माणसाने भुकेल्यासारखं वागावं अशी अपेक्षा करणारे लोक कधी भुकेले राहिलेले नसतात.

तुला वेल्फेअरच्या बाई आठवतात का? बाबा गेल्यावर आल्या होत्या त्या. मी पाच वर्षांचा होतो, पण मला ते स्वच्छ आठवतं. आईने घरातली एकुलती एक कोंबडी कापली आणि आपल्याला नदीवर पाठवलं. तू माझा हात घट्ट धरला होतास. तू म्हणालीस की मोठ्याने हस, म्हणजे बाईंना वाटेल आपण जेवलोय. आपण पाण्यात दगड मारत हसत राहिलो, हसता हसता मला रडू आलं, आणि तू मला चिमटा काढलास. बाईंनी लिहून नेलं की अन्नाची टंचाई दिसत नाही. आईने तो कागद नंतर चुलीत घातला, पण कोंबडी कापल्याचं वाईट वाटलं, असं ती कधीही म्हणाली नाही.

मला तिच्याहून शहाणं होता आलं नाही. तुला जमलं असतं का, हेही एकदा शांतपणे स्वतःला विचार.

आशीर्वाद मागाहून देणार होतीस, ते अजून आले नाहीत. वाट पाहतो.

रापाता

*

पोरिरुआ,
२८ मार्च

चि. रापाता यास,
राहिलेले आणि आताचे मिळून भरपूर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून रात्रीची पाळी चुकवली. हसायला मी सांगितलं होतं, हे मी विसरून गेले होते. चिमटा आठवत होता.

मंगळवारी मंडळाची बैठक होती. फिलिपाबाईंनी नेहमीसारखं तीन मिनिटं म्हणून सांगितलं. मी म्हटलं, आज घड्याळ तुम्ही बघा, मी बोलते. मी अहवालाचा तो फोटो वर धरला. ही शेवंड म्हणजे बोटीचं इंजीन आहे, म्हणाले. हे पुडिंग म्हणजे चार घरांचा बिनसाखरेचा चहा. आणि हे मांस म्हणजे माझ्या आईचा दगड. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या आईचा दगड खाल्लात आणि वर लिहिलंत की तिच्या गावाला काही कमी नाही. मग मी कोंबडीची गोष्ट सांगितली. मी रडले नाही. फिलिपाबाई रडल्या.

ज्याने योगायोगाचं विचारलं होतं तो सभासद म्हणाला की मग लोकांनी आधीच का नाही सांगितलं. मी म्हटलं, तुमच्या घरी मी जेवायला आले तर तुम्ही मला आधी पगाराचा कागद दाखवाल काय? तो चष्मा पुसत राहिला. शेवटी मिसेस ड्रायस्डेल म्हणाल्या की मी पुन्हा जाईन. फक्त मी आणि एक टाचणं घेणारा. भाषणं नकोत. पोरांच्या रांगेत बसून पोरांचं जेवण जेवेन. अहवाल तोपर्यंत थांबेल.

त्या अकरा एप्रिलला येतील. शुक्रवार आहे.

रापाता, मी काय मागते आहे हे मला माहीत आहे. म्हणून भांडत नाही, मागते. त्या दिवशी पोरांची वाटी, पोरांचा पाव, बास. कुणी मागच्या दाराने लोणी आणलं तर परत पाठव. मुरंब्याची बाटलीही नको. तुला आईच्या दगडाची शपथ, आणि मावशीलाही. आई असती तर तिने पुन्हा कोंबडी कापली असती, आणि बाईंनी पुन्हा तेच लिहून नेलं असतं. हे एकदा कुठेतरी थांबायला हवं, आणि ते थांबवायला वाढणाऱ्याचाच हात लागतो.

राग गेला आहे, वैताग राहिला आहे. दोन्हीपेक्षा लोभ मोठा आहे.

तुझी,
ताई

*

वाईहुका खोरं,
१२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शपथ पाळली.

मावशीला मी चर्चमध्ये, दगडापाशी सांगितलं. मग तिने विचारलं की थोडा मुरंबा? मी म्हटलं, नाही. लोणी? नाही. मग ती दगडाकडे वळली आणि आईला म्हणाली की बघ, तुझ्या पोरांनी मला म्हातारपणी कंजूष केलं. सबंध आठवडा ती माझ्याशी बोलली नाही. गुरुवारी मागच्या दाराने एक जण वाम घेऊन आली, ती मावशीने स्वतः परत पाठवली. दार लावून घेतलं आणि तिथेच टेकून उभी राहिली.

हाक मात्र तिने घातली. त्याला शपथ नव्हती.

मिसेस ड्रायस्डेल पोरांच्या बाकावर बसल्या, गुडघे पोटाशी घेऊन. भोपळा आणि जवाचं सूप, पावाचा एक तुकडा. शुक्रवार, म्हणून पोरं मान वर न करता जेवत होती. बाईंनी वाटी संपवली. आणि मग, ताई, त्यांनी वाटी पुढे केली.

भूक लागली म्हणून नव्हे, हे मी ओळखलं. गेल्या खेपेला त्यांना शिकवलं होतं ना, की दुसरं वाढप घेतलं नाही तर वाढणारीचा अपमान होतो. त्या बिचाऱ्या आमचा मान ठेवत होत्या. मावशीने वाटी हातात घेतली आणि आत आली. मी पातेल्यापाशीच होतो. पातेलं खरवडून झालं होतं. माझ्या वाट्याचा पाव फळीवर होता. मी तो उचलला, तर मावशीने नुसती मान हलवली. वाटी हातात धरून ती उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. प्रार्थना करत होती की आणखी काही, ते मी विचारलं नाही.

मग ती बाहेर गेली, रिकामी वाटी बाईंच्या पुढे ठेवली, आणि म्हणाली की आता नाही.

एवढंच. पोरांनी जेवायचं थांबवलं. चर्चमध्ये कुणी शिवी द्यावी तशी ती मावशीकडे बघायला लागली. या घरात हे शब्द कधी कुणी ऐकलेच नव्हते, आजीच्या वेळीही नाही, रोगाची साथ आली होती तेव्हाही नाही. मिसेस ड्रायस्डेलनी वाटीकडे पाहिलं, मग पोरांच्या वाट्यांकडे, एकेक करत रांगेच्या टोकापर्यंत. टाचणं घेणाऱ्याने वही मिटली. बाईंनी मावशीचा हात धरायला हात पुढे केला, पण मावशी तोवर आत निघून गेली होती.

गाडीत बसताना बाई मला म्हणाल्या की मी लिहीन. काय लिहीन, ते म्हणाल्या नाहीत.

तू म्हणशील, आपण जिंकलो. असेलही. पण मावशीने काल ओटा पुसला, एप्रन सोडला आणि आपली किल्ली खिळ्याला टांगली. आज स्वयंपाकघरात आली नाही. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मी चहा नेला, तर म्हणाली की पाहुण्याला नाही म्हणणाऱ्या बाईने चहा पिऊ नये. मी बायबल उघडून बसलो. भाकरी वाटण्याच्या कथा सापडल्या, पुरून उरल्याच्याही सापडल्या. न पुरल्याची एकही सापडली नाही.

तुझ्यावर राग नाही. पण आता काय करायचं ते तू सांग. शपथ तू घातलीस.

लोभ असावा. आज तो मागूनच घेतो.

रापाता

*

पोरिरुआ,
१६ एप्रिल

चि. रापाता यास,
आशीर्वाद. घाईत लिहिते, ज्या शाळेच्या सामानाच्या ट्रकने तुझं पत्र आणलं, तोच उद्या परत खोऱ्यात जातो, त्याच्याबरोबर हे देते.

अहवाल बदलला. अनुदान दोन वर्षं चालू. फोटो काढून टाकला. त्या पानावर मिसेस ड्रायस्डेलनी एकच वाक्य घातलं आहे, की या खोऱ्यात मी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि ती रिकामी परत आली. फिलिपाबाईंना ते अहवालाच्या भाषेत बसत नाही असं वाटलं. बाई म्हणाल्या की राहू दे.

आता मावशीचं. रजा मी रद्द केलीच नव्हती. तुझं ऐकायची मला सवय नाही. विधी याच शनिवारी होईल. हॉस्पिटलातल्या झाडूवाल्या, ती डच मैत्रीणही, सगळ्यांनी मिळून मला एक डुक्कर घेऊन दिलं आहे. बिशपइतकं नाही, फार तर साधा पाद्री म्हण. शुक्रवारी गाडीत घालून आणते. भट्टीचा खड्डा उकरून ठेव.

आणि मिसेस ड्रायस्डेलना मी बोलावलं आहे. समितीच्या म्हणून नव्हे, आईच्या दगडाला. येते म्हणाल्या, वही न घेता.

हे पत्र मावशीला वाचून दाखव. तिला सांग, ती बाई येते आहे, आणि या वेळी वाटी पुढे करेपर्यंत थांबायचं नाही. आणि तिची ती किल्ली खिळ्यावरून काढून तिच्या उशाशी ठेव.

बटण लावून उभा राहा. आई बघत असेल.

तुझी,
ताई